हिवाळ्यातला छोटा डोंगर : तोक्योजवळच्या हिवादा-मोनोमी धारेवर एक दिवस

सह्याद्रीत पाय कसलेल्या माणसाला ३०५ मीटरचा डोंगर म्हणजे टेकाड. तोक्योच्या वायव्येला, सैतामा प्रांतातल्या हिवादा डोंगराची उंची तेवढीच. त्याच्या धारेने पुढे गेलं की मोनोमी लागतो, तो ३७५ मीटर. दिवसभराची सगळी चढण एकत्र केली तरी सिंहगडाच्या पायवाटेपेक्षा कमीच भरते. दम काढेल असं इथे काही नाही. माणूस फसतो तो दोन गोष्टींमुळे : दिवस लवकर मावळतो आणि वाट पानांखाली गडप होते. शिवाय उंच डोंगरावर बहुधा एकच रुळलेली वाट असते, तर गावालगतच्या या डोंगरांवर लाकूडतोड्यांच्या, देवळांच्या, विजेच्या मनोऱ्यांच्या मिळून दहा वाटा असतात. म्हणून डोंगर जितका छोटा, तितकी चकवा लागण्याची शक्यता जास्त.

हिवाळाच का

हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारा वारा जपानी समुद्रावरून बाष्प उचलतो, मधल्या डोंगररांगांच्या पलीकडच्या अंगाला ते बर्फाच्या रूपात टाकतो आणि कोरडा होऊन तोक्योच्या कांतो मैदानात उतरतो. त्यामुळे जपानी समुद्राकाठच्या निईगाताकडच्या गावांत घरं बर्फात बुडालेली असताना इकडे दिवसचे दिवस लख्ख ऊन असतं. ओक वर्गातल्या झाडांची पानं गळालेली असल्याने धारेवरून दूरवरचं दिसतं, फुजीसुद्धा. सुझुमेबाची नावाची जपानी गांधीलमाशी शरदात इथली सर्वांत मोठी धास्ती असते. डिसेंबरपर्यंत तिची पोळी ओस पडतात. उन्हाळ्यात याच वाटांवर दमट उकाडा, डास आणि तोंडावर येणारी कोळ्यांची जाळी असतात. उंच डोंगरांचा हंगाम उन्हाळा, छोट्यांचा हिवाळा, असा इथला सरळ हिशोब आहे.

हंगाम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत धरावा. त्यानंतर सुगी म्हणजे जपानी देवदारासारख्या वृक्षांचे पराग उडू लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतर या डोंगरांवर सुगी आणि हिनोकी (जपानी सायप्रस) यांची प्रचंड लागवड झाली. ज्यांना परागांची ॲलर्जी आहे, त्यांनी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात या जंगलात शिरणं म्हणजे हौसेने दुखणं विकत घेणं.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. जानेवारी ते मार्च या काळात कधीकधी कमी दाबाचा पट्टा प्रशांत किनाऱ्याला चिकटून सरकतो आणि कांतोतही बर्फ पडतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये याच रेल्वेमार्गाच्या टोकाला असलेल्या चिचिबूत ९८ सेंटीमीटर बर्फ साठला होता. असं क्वचितच होतं, पण ५-१० सेंटीमीटर बर्फ बहुतेक हिवाळ्यांत एखाद-दुसऱ्या वेळी पडतो. उन्हाकडच्या उतारावर तो दोन दिवसांत वितळतो. उत्तरेकडच्या उतारावर मात्र तो दिवसा अर्धवट पाघळून रात्री पुन्हा गोठतो आणि काचेसारखा गुळगुळीत बर्फ आठवडाभर टिकतो. बर्फ पडल्यावर आठवडाभर तरी थांबावं, नाहीतर बुटावर चढवायचे साखळीचे काटे घेऊन जावं. जोडीचं वजन ३५०-४०० ग्रॅम भरतं आणि जपानी दुकानांत ते 'चेन स्पाइक' याच नावाने मिळतात.

आधी परतीची वेळ ठरवा

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तोक्योत सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, जानेवारीच्या मध्यास पावणेपाचच्या थोडं पुढे. पण सूर्यास्ताच्या वेळेवर हिशोब करू नये. दाट सुगीच्या जंगलात, त्यातही पूर्वेकडच्या उतारावर, साडेतीनलाच पायाखालची मुळं दिसेनाशी होतात. म्हणून नियम असा : दुपारी २ वाजता शेवटचा उतार सुरू झालेला हवा आणि ३ वाजता पायाखाली डांबरी रस्ता हवा. यावरून उलटं मोजत सुरुवातीची वेळ काढावी.

जपानी नकाशांवर आणि वाटेवरच्या पाट्यांवर दोन ठिकाणांमधली चालायची वेळ मिनिटांत दिलेली असते. तिला 'कोसु ताइमु' (इंग्रजी 'कोर्स टाइम') म्हणतात. त्यात विश्रांती, जेवण आणि फोटो धरलेले नसतात. नवख्यांनी किंवा मुलांसोबत जाणाऱ्यांनी त्या वेळेला दीडने गुणावं. पहिल्या हिवाळ्यात एकूण कोसु ताइमु चार तासांच्या आत आणि एकूण चढण ५०० मीटरच्या आत असेल, अशीच वाट निवडावी. हिवादा-मोनोमी या दोन्ही मापांत बसते : चालण्याचे साडेतीन ते चार तास, थांबे धरून पाच.

तोक्योतल्या इकेबुकुरो स्थानकाहून सेइबू इकेबुकुरो रेल्वेमार्गाने हान्नोला जलद गाडीने साधारण ५० मिनिटं लागतात. तिथे गाडी बदलून दुसरं स्थानक कोमा. हान्नोच्या पुढे रूळ एकेरी होतो आणि तासाला साधारण दोनच गाड्या असतात, त्यामुळे एक चुकली की अर्धा तास गेला. साडेसातच्या आसपास इकेबुकुरो सोडलं की पावणेनऊपर्यंत कोमाला पोचता येतं. खरेदी इकेबुकुरो किंवा हान्नोलाच उरकावी.

अंगावर काय, पाठीवर काय

या भागात जानेवारीतल्या सकाळी पारा शून्याखाली तीन-चार अंश जातो आणि दुपारी उन्हात आठ-दहावर येतो. उंचीमुळे फारसा फरक पडत नाही. १०० मीटरला ०.६ अंश धरले तर मोनोमीवर जेमतेम दोन अंश कमी. खरा फरक वाऱ्याचा. सेकंदाला एक मीटर वारा वाढला की अंगाला एक अंश जास्त गार वाटतं, असा इथला ढोबळ हिशोब आहे. म्हणून हवामानाच्या अंदाजात तापमानाच्या आधी वारा बघावा.

थंडीत माणूस गारठतो तो बहुधा स्वतःच्या घामाने. सुती बनियन चढणीवर भिजतं, माथ्यावर थांबताच बर्फासारखं पाठीला चिकटतं आणि पुढचे दोन तास वाळत नाही. सर्वांत आत मेरिनो लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा सदरा, त्यावर पातळ फ्लीस, वर वारा अडवणारं पातळ जाकीट. पिसांचं जाड जाकीट घालून चढू नये, ते पाठपिशवीत वरच्या बाजूला ठेवून फक्त थांब्यावर काढावं. निघताना थोडं कुडकुडायला झालं पाहिजे. सुरुवातीलाच ऊबदार वाटत असेल, तर पंधरा मिनिटांत घाम फुटणार हे नक्की. चाल अशी ठेवावी की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल.

बुटांबद्दल जरा सविस्तर. घोट्यापर्यंतचे, खोल खाचांच्या तळव्याचे बूट हवेत. पाच-सहा वर्षं कपाटात पडलेले असतील, तर निघण्याआधी तळवा हाताने वाकवून, कडा ओढून बघावा. तळव्यातला पॉलियुरेथेनचा थर न वापरताही दमटपणाने आतून कुजतो. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो आणि उतारावर अख्खा तळवा लोंबू लागतो. पिशवीत चार-पाच प्लास्टिकचे बांधपट्टे आणि काठीला गुंडाळलेली दोन मीटर चिकटपट्टी ठेवली, तर अशा बुटावर स्थानकापर्यंत पोचता येतं. चढताना नाड्या घोट्याशी सैल आणि उतरण्याआधी घट्ट. नाहीतर बोटं पुढे जाऊन आपटतात आणि नखं काळी पडतात.

बाकी पिशवीत : डोक्याला लावायचा दिवा (सकाळी निघत असलात तरीही), पातळ हातमोजे, कान झाकणारी टोपी, पाणी एक लिटर, ५०० मिलिलिटरचा थर्मास, बसायला फोमचा तुकडा, टॉयलेट पेपर, कचऱ्यासाठी पिशवी, थोडी चिल्लर. कचरापेटी वाटेवर कुठेही नसते. 'कायरो' म्हणजे गरम होणाऱ्या पुड्या. त्या कंबरेवर सदऱ्याच्या वरून चिकटवाव्यात, थेट कातडीवर नाही. मंद उष्णतेनेही तासाभरात भाजतं आणि ते भाजलेलं लवकर कळत नाही. बुटात घालायची पुडी वेगळी मिळते. साधी पुडी बुटात हवेअभावी गरमच होत नाही.

मोबाइलची बॅटरी थंडीत झरझर उतरते. तो बाहेरच्या खिशात न ठेवता आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा. यामाप किंवा यामारेको यांसारख्या ॲपमध्ये त्या भागाचा नकाशा घरीच उतरवून घ्यावा. फोन विमान मोडवर टाकला तरी जीपीएस चालतो आणि बॅटरी जास्त टिकते. कागदी नकाशाही हवाच. जपानच्या भूमापन संस्थेचे १:२५,००० चे नकाशे संकेतस्थळावर फुकट बघून छापता येतात.

डबा

थंडीत ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे दगडासारखे होतात, कारण गार पडला की शिजलेला भात टणक होतो. माथ्यावर खायचे असतील तर ते मोज्यात किंवा टोपीत गुंडाळून पिशवीच्या मध्यभागी ठेवावेत. शाकाहारी मंडळींनी वेष्टन नीट वाचावं. समुद्रशेवाळ भरलेल्या ओनिगिरीतही बरेचदा माशाचा अर्क असतो आणि कप नूडल्समध्ये तर जवळपास नेहमीच मांस किंवा मासळीचा. धपाटे, दशम्या आणि चटणी या हवेत उत्तम टिकतात. दुकानातून घ्यायचं असेल, तर योकान या छोट्या वड्या बघाव्यात : लाल घेवड्याचं पुरण, साखर आणि समुद्रशेवाळापासूनचं अगर, बस. चॉकलेटसारख्या त्या दातांना कडक लागत नाहीत. संक्रांतीच्या सुमारास गेलात तर तिळगुळाच्या वड्या हेच काम करतात.

माथ्यावर शेगडी पेटवून चहा करण्याची जपानी हौस मोठी आहे. पण कांतोतला हिवाळा इतका कोरडा असतो की पालापाचोळा ठिणगीने पेट घेतो. २०२५ च्या फेब्रुवारीत इवाते प्रांतातल्या ओफुनातोच्या वणव्याने हजारो हेक्टर जंगल खाल्लं. थर्मासमधल्या पाण्याने काम भागतं. सकाळी थर्मास आधी उकळत्या पाण्याने पाच मिनिटं विसळून मग भरला, तर बारा वाजताही नूडल्स भिजतात.

वाट, टप्प्याटप्प्याने

कोमा स्थानकाबाहेर दोन उंच लाल खांब दिसतात, कोरियन धाटणीचे, वर चेहरे कोरलेले. इ.स. ७१६ मध्ये कोरियातल्या कोगुर्यो राज्यातून आलेल्या १,७९९ माणसांना इथे एकत्र वसवून कोमा जिल्हा केला गेला, आणि गावाचं नाव त्याच राज्यावरून आलं. शौचालय स्थानकावर उरकावं. डोंगराच्या पायथ्याच्या वाहनतळाशीही आहे, पण हिवाळ्यात नळ गोठतात म्हणून काही ठिकाणची शौचालयं बंद ठेवतात.

स्थानक ते पायथा वीस मिनिटं, घरांमधून. या सपाट चालीत अंग तापतं. पायथ्याशी थांबून एक थर उतरवावा आणि नाड्या पुन्हा बांधाव्यात. जंगलात शिरल्यावर थोड्याच वेळात तोरीइ लागतं, म्हणजे देवळाची कमान, आणि वाट फुटते. एक ओतोकोझाका, पुरुषांची चढण, आणि दुसरी ओन्नाझाका, बायकांची. नावं जुन्या काळची आहेत, मनावर घेऊ नयेत. खरा फरक वाटेत आहे. पहिली वर जाऊन खडकातून चढते, दोन-तीन ठिकाणी हात टेकावे लागतात, आणि खडक बुटांनी घासून गुळगुळीत झालेला आहे. कोरडा असेल तर मजा. दव, पाऊस किंवा बर्फ असेल तर, आणि लहान मुलं सोबत असतील तर, दुसरी वाट धरावी. उतरताना पहिली वाट टाळावीच.

दोन्ही वाटा कोतोहिरा देवळाच्या दगडी तोरीइपाशी वर येतात. दिवसातला सर्वांत सुंदर देखावा इथेच आहे, माथ्यावर नाही. समोर कोमा नदीने बटव्यासारखं वळण घेऊन कवेत घेतलेली किंचाकुदाची सपाट जमीन, उजवीकडे रांगांच्या मागे फुजी. निवांत बसायचं तर इथे. माथा आणखी पाच मिनिटांवर आहे. स्थानकापासून तिथपर्यंत तासाभराचा हिशोब.

माथ्यावरून उत्तरेकडचा उतार अवघड नाही, पण सावलीतला आहे आणि हिवाळ्यातली पहिली घसरगुंडी इथेच होते. इथली माती ज्वालामुखीच्या राखेची. रात्री तिच्यातलं पाणी गोठून पाच-दहा सेंटीमीटर उंचीचे बर्फाचे बारीक खांब माती उचलून धरतात. त्यांना शिमोबाशिरा म्हणतात. (याच नावाची एक वनस्पती तोक्योच्या पश्चिमेकडच्या ताकाओ डोंगरावर आहे. थंडीत तिच्या वाळल्या खोडातून बर्फाच्या पातळ पाकळ्या फुटतात. ते बघायला लोक पहाटे निघतात.) सकाळी नऊला ही जमीन कुरकुरीत आणि पक्की असते. दहानंतर ऊन लागलं की वितळून लोण्यासारखी होते, म्हणजे जी वाट जाताना ठीक होती तीच परतताना निसरडी. लवकर निघण्याचं हेही एक कारण. अशा उतारावर पावलं आखूड टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत आणि टाच रोवण्याऐवजी अख्खा तळवा टेकवावा.

पुढे ताकासाशी डोंगराला वळसा घालून रस्ता एका छोट्या वस्तीत येतो. तिथे शौचालय आहे आणि निवाऱ्यातून फुजी दिसतो. पुन्हा जंगलात शिरून वीसेक मिनिटांत मोनोमी. पावणेनऊला निघालेला गट सव्वाअकराच्या आसपास इथे पोचतो. बाकांवर जेवण, पण अर्ध्या तासाहून जास्त नाही. थांबल्याक्षणी जाड जाकीट चढवावं, थंडी वाजू लागेपर्यंत वाट बघू नये.

मोनोमीनंतर माणसं एकदम कमी होतात. बरेच जण इथूनच परततात. पुढे धारेने ४० मिनिटांवर कितामुकी जिझो, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून उभा असलेला दगडी जिझो, वाटसरूंचा राखणदार मानला जाणारा बौद्ध देव. १७८६ साली, तेन्मेइ दुष्काळाच्या दिवसांत, रोगराई टळावी म्हणून तो बसवला. उत्तरेकडच्या इवाफुने इथल्या मूळ जिझोकडे त्याचं तोंड आहे. इथे डांबरी रस्ता वाट कापतो आणि अनेक पाट्या एकत्र येतात. 'मुसाशी-योकोते एकी' ही पाटी शोधावी. 'एकी' म्हणजे स्थानक. हा उतार गोजो धबधब्याच्या ओढ्याने अर्ध्या तासात खाली येतो, आणि पुढचा अर्धा तास रस्त्याने. दीड ते दोनच्या दरम्यान मुसाशी-योकोते स्थानक. खायला फारसं काही मिळत नाही, म्हणून अर्धा डबा शिल्लक ठेवावा. गवत कापायला माणसं लावण्याऐवजी रेल्वेने या स्थानकाजवळ शेळ्या पाळायला घेतल्या होत्या, त्यामुळे मुलांना हे नाव लक्षात राहतं.

वाट चुकते ती कुठे

जपानमधल्या डोंगरी अपघातांत वाट चुकणं हे दरवर्षी सर्वांत वरचं कारण असतं. हिवाळ्यात घोटाभर पानं साचतात आणि वाट व उतार एकसारखे दिसतात. पानांखाली मुळं आणि सुटे दगड असतात, ते वेगळंच. आपल्याकडे जशा ढोरवाटा माणसाला भलतीकडे नेतात, तशा इथे लाकूडतोडीच्या वाटा नेतात. त्या सुरुवातीला रुंद आणि मोहक असतात, मग कापलेल्या झाडांपाशी अचानक संपतात.

झाडांना बांधलेल्या गुलाबी फितींवर भरवसा ठेवू नये. नवख्यांना त्या वाटेच्या खुणा वाटतात, पण कित्येक फिती वनखात्याने हद्दीसाठी किंवा तोडायच्या झाडांसाठी बांधलेल्या असतात. खरी खूण म्हणजे नावांची पाटी आणि ॲपमधला ठिपका. दर फाट्यावर थांबून ठिपका बघावा, मनात शंका आल्यावर नव्हे. वाटेवर आडवी टाकलेली फांदी किंवा बांधलेली दोरी म्हणजे 'इकडे नको'.

पाच मिनिटं पाटी नाही, पायखुणा नाहीत, वाट अरुंद होत चाललीय असं दिसलं, तर शेवटच्या ओळखीच्या जागी परत फिरावं. खाली ओढा दिसतोय, त्याच्या काठाने गाव लागेल, हा विचार सर्वांत घातक. ओढा पुढे कड्यावरून पडतो आणि घळीत फोनला रेंजही नसते. नक्कीच चुकलो असं वाटलं तर वर, धारेकडे चढावं. तिथे वाट मिळण्याची शक्यता जास्त आणि रेंजही.

मदत, शिकार, अस्वल

निघण्याआधी 'तोझान तोदोके' भरावी, म्हणजे कोण, कुठून, कुठे, किती वाजता परत याची नोंद. ॲपमधूनही देता येते. निदान घरच्याला वाट आणि परतीची वेळ लिहून पाठवावी. अपघात झाला तर फोन ११९ (अग्निशमन-रुग्णवाहिका) किंवा ११० (पोलीस). जागा सांगताना ॲपमधले अक्षांश-रेखांश वाचून दाखवावेत. सैतामा प्रांत २०१८ पासून ठरावीक डोंगरांवर हेलिकॉप्टरने केलेल्या सुटकेचे पैसे उड्डाणाच्या वेळेनुसार आकारतो, आणि हिवादा त्या यादीत आहे. एका दिवसाचा डोंगरविमा काही शे येनांत मिळतो. घ्यावा.

होन्शू या जपानच्या मुख्य बेटावर शिकारीचा नेहमीचा हंगाम १५ नोव्हेंबर ते १५ फेब्रुवारी. रानडुक्कर आणि हरणांसाठी तो बरेचदा वाढवतात. तपकिरी किंवा करडे कपडे टाळून भडक रंग घालावेत आणि वाट सोडून झाडीत शिरू नये. अस्वलं हिवाळ्यात झोपतात, पण सगळी नाही आणि सगळा हिवाळा नाही. पिशवीला घंटा बांधावी, गर्दीत ती हाताने दाबून धरावी. समोरून येणाऱ्याला 'कोन्निचिवा' (नमस्कार) म्हणायचं आणि चढणाऱ्याला आधी वाट द्यायची.

यानंतर कुठे

मुलं लहान असतील, तर हिवादाच्या आधी हान्नो स्थानकावरूनच चालत जाण्याजोगे तेनरान (१९७ मीटर) आणि तोनोसु (२७१ मीटर) करावेत. १८८३ मध्ये मेइजी सम्राटाने लष्करी कवायत पाहिली म्हणून तेनरान हे नाव पडलं. जानेवारीतच पिवळी नानोहाना (मोहरीच्या जातीची फुलं) आणि मागे पांढरा फुजी बघायचा असेल, तर समुद्रालगतच्या निनोमियातलं आझुमा, फक्त १३६ मीटर. फेब्रुवारीत नागातोरोच्या होदो डोंगरावर (४९७ मीटर) रोबाईच्या पिवळ्या फुलांचा घमघमाट असतो. हादानोहून कोबोयामा (२३५ मीटर) करून त्सुरुमाकी-ओन्सेन स्थानकाजवळ गरम पाण्याच्या झऱ्यांच्या स्नानगृहात शिरता येतं. ताकाओ ते जिन्बा (८५५ मीटर) ही लांब धार मात्र फेब्रुवारीसाठी राखून ठेवावी, दिवस तासभर मोठा झाल्यावर.